वाटेवरची भाकरी आणि परतीचे गिऱ्हाईक

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा हे गाव ज्या मुलखात वसले आहे, तो मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या शिवेवरचा मुलूख होय. एकीकडे परभणी जिल्ह्यातील जिंतूर, दुसरीकडे वाशिम जिल्ह्यातील रिसोड आणि उत्तरेला पैनगंगा अशी या पट्ट्याची मांडणी असून, पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य व पलीकडे १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड अशी विभागणी येथे जवळजवळ शतकभर टिकली. सीमा बदलल्या, १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी या वाटांवरची वर्दळ थांबली नाही. औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाला आणि संत नामदेवांच्या नर्सीला जाणारे भाविक, हिंगोली व वसमतच्या बाजारात हळद घेऊन जाणारे शेतकरी, एस.टी.चे चालक-वाहक, बी-बियाणे व औषधांचे फिरते विक्रेते आणि बदलीवर आलेले शिक्षक असे नाना प्रकारचे प्रवासी येथून ये-जा करतात. या साऱ्यांना वाटेत जेवू घालणारी जी छोटी उपाहारगृहे आहेत, ती परक्या प्रवाशाला सापडतात कशी आणि एकदा जेवून गेलेला माणूस तेथे पुन्हा का येतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्याच्या उत्तरात या भागाचा बराच सामाजिक इतिहास सामावलेला आहे.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. या भागात हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. चहा, भजी, पोहे आणि मिसळ मिळणारे चार बाकड्यांचे दुकान ते हॉटेल, पैसे देऊन पूर्ण जेवण मिळते ती खानावळ आणि महामार्गालगत उशिरापर्यंत उघडा असणारा तो ढाबा. ढाबा हा मूळचा पंजाबी मालमोटारचालकांच्या सोयीसाठी रुजलेला प्रकार असला, तरी अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड असा तेलंगणातील संगारेड्डीपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर तो आता पूर्णपणे मराठी झाला असून, तेथे तंदुरी रोटीच्या बरोबरीने शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी मागितली जाते.

वाटेत पैसे देऊन जेवण्याची सवय या मुलखात फार जुनी नाही. पूर्वीचा प्रवासी शिदोरी बांधून निघे, धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत उतरे आणि तीन दगडांची चूल मांडून स्वतःच रांधे. अनोळखी हातचे न खाण्यामागे सोवळे-ओवळे होते, तसे भयही होते. फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या लष्करी छावणीतील हरिसिंग नावाच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकिगत नोंदवली आहे. हा व्यापारी प्रत्यक्षात ठगांपैकी निघाला आणि छावणीच्या अगदी हाकेच्या अंतरावर प्रवाशांचे खून होत असूनही अधिकाऱ्यांना त्याचा सुगावा लागला नव्हता. ज्या वाटांवर सोबतीला आलेल्या माणसाचाही भरवसा धरता येत नसे, तेथे परक्याच्या चुलीवरचे अन्न विश्वासाने खाणे ही गोष्ट रुजायला काही पिढ्या जाव्या लागल्या, हे समजण्यासारखे आहे.

हा विश्वास रुजवण्यात मोटारगाडीचा वाटा मोठा आहे. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या जोडीने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेल्यावर यथावकाश येथील गाड्याही त्याच व्यवस्थेत आल्या. गाडी जेथे थांबते तेथे चहाची भट्टी पेटते, हा नियमच झाला. पण हॉटेलचा दरवाजा सर्वांना सारखाच उघडा होता असे मानणे ही इतिहासाची फसवणूक ठरेल. दलित गिऱ्हाइकासाठी वेगळी कपबशी ठेवणे, त्याला बाहेर बसवणे आणि ती त्यालाच विसळायला लावणे हा प्रकार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कित्येक वर्षे चालू होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला आणि १९५५ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम करावा लागला, यावरून या बाकड्यांवर बसण्याचा हक्क किती मोलाचा होता हे कळते. आज बसस्थानकाजवळच्या हॉटेलात कोणीही कोणाच्याही शेजारी बसून भजी खातो, ही साधी दिसणारी गोष्ट संघर्षातून आलेली आहे आणि तिचे मोल जेवणाच्या चवीपेक्षा कमी नाही.

साखऱ्यासारख्या गावातल्या हॉटेलचा दिवस पहाटेच्या पहिल्या चहाने सुरू होतो आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्याला उसंत नसते. मालक, त्याच्या घरची बाई आणि एखादा हाताखालचा मुलगा एवढ्यावर सारा गाडा चालतो. गिऱ्हाइकांत गावचेच लोक अधिक असतात. त्यांची उधारी वहीत मांडलेली असते आणि ती सोयाबीन किंवा हळदीचे पैसे हाती आले की चुकती होते. परका प्रवासी हा या धंद्यातला वरकड लाभ होय. खाद्यभ्रमंतीवरच्या लेखनात ही बाब बहुधा सुटून जाते. प्रवाशाला जे चांगले जेवण सापडते, ते त्याच्यासाठी म्हणून शिजलेले नसते. गावाने वर्षानुवर्षे त्याच बाकड्यावर परत येऊन ते टिकवलेले असते.

हे नीट समजून घ्यायचे तर भाकरीकडे पाहावे. गव्हाच्या कणकेला बांधून ठेवणारे ग्लुटेन हे चिकट प्रथिन ज्वारीत नसते. त्यामुळे ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळून, पिठातील पिष्टमय भाग त्या उष्णतेने थोडा चिकट करून घ्यावा लागतो. पीठ ताजे असेल तर गोळा हाताखाली सरसर फिरतो, कडा चिरत नाहीत आणि भाकरी पातळ थापता येते. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, म्हणजे त्याचा धरून राहण्याचा गुण नाहीसा होतो आणि कितीही सराईत हात असला तरी भाकरी काठाशी भेगाळते. थापलेली भाकरी तव्यावर टाकल्याबरोबर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकण्याच्या बेतात असताना उलटायची आणि शेवटी थेट आचेवर धरली की दोन पापुद्रे सुटून ती टम्म फुगते. पाणी सुकून गेल्यावर उलटली तर ती फुगत नाही. थोडे थोडे पीठ वरचेवर दळून आणणे त्याच खानावळीला परवडते, जिच्याकडे रोजचे गिऱ्हाईक आहे. तेव्हा पानात आलेल्या भाकरीचा काठ पाहिला तरी त्या चुलीचा खप कळतो.

भज्यांच्या तेलाचीही तीच गत आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल पुनःपुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे बंधन घातले आहे. हे मोजण्याचे साधन गावच्या हॉटेलात नसते, परंतु जेथे बाजाराच्या दिवशी कढई दिवसभर चालते आणि तेल सतत संपून नवे ओतले जाते, तेथे जुन्या तेलाचा प्रश्न आपोआप बराचसा सुटतो. याउलट, गिऱ्हाईक तुरळक असले की तेच तेल उद्यावर ढकलले जाते. पातळ भाजीला दाटपणा यावा म्हणून वापरले जाणारे येसर, म्हणजे धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले मराठवाड्यातील घरगुती पीठ, हेही ताजेपणीच सुगंधी असते. येसराची आमटी हा खरे तर लग्नाच्या पंगतीचा पदार्थ. ती खानावळीच्या पानात सहसा मिळत नाही आणि जेथे मिळते तेथे प्रवाशाने वाटी पुढे करायला संकोचू नये.

अशी जागा सापडावी कशी? छापील मार्गदर्शिकांचा इतिहास येथे बोलका आहे. फ्रान्समधील मिशेलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी पहिली पुस्तिका काढली आणि पुढे उपाहारगृहांना तारे देताना तीन ताऱ्यांचा अर्थ असा ठरवला की केवळ त्या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा. अमेरिकेत डंकन हाइन्स या फिरत्या विक्रेत्याने धंद्यानिमित्त भटकताना चांगल्या खाणावळींची टिपणे ठेवली आणि १९३६ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. या दोहोंपैकी आपल्या मुलखाला हाइन्सची पद्धत जवळची आहे. औषधविक्रेते, मालमोटारचालक आणि एस.टी.चे कर्मचारी यांच्याजवळ तालुक्या-तालुक्यातील हॉटेलांची तोंडी यादी असते. ही माणसे त्याच मार्गाने पुन्हा येणार असल्यामुळे ती यादी आपोआप तपासली जात राहते. एस.टी. महामंडळाचे लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी अधिकृत थांबे असतात आणि तेथे ठरावीक दरात चहा-नाश्ता देण्याची योजनाही आहे, परंतु अधिकृत थांबा आणि चालकाच्या आवडीचे हॉटेल हे एकच असेल असे नाही. मोबाइलवरील ताऱ्यांची अडचण वेगळी आहे. तो तारा बहुधा एकदाच जेवून गेलेल्या माणसाचा असतो आणि एका जेवणावरून चूल कळत नाही.

पुन्हा पुन्हा जाण्यातूनच उपाहारगृहाला नाव मिळते, याची उदाहरणे मोठ्या शहरांत नोंदलेली आहेत. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० पासूनचे, तर पुण्याचे पूना गेस्ट हाऊस १९३५ चे, आणि आजोबांबरोबर गेलेली नातवंडे पुढे आपली मुले घेऊन तेथे गेली, म्हणून ती नावे टिकली. मुंबईच्या गिरणगावात घरी रांधून कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा या व्यवसायातले स्त्रियांचे कष्ट प्रथमच सार्वजनिक चर्चेत आले. मराठवाड्यातील खानावळीत भाकरी थापणारी बाई मात्र अजून अशा कोणत्याही नोंदीत आलेली नाही. जिल्हा गॅझेटिअरमध्ये उपाहारगृहांची दखल किरकोळ व्यवसायांत घेण्याची रीत होती, पण तेथे भांडवल आणि नोकरांची संख्या सापडते, पदार्थ आणि माणसे सापडत नाहीत.

आता रस्तेच बदलत आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या कितीतरी हॉटेलांचे प्रवासी गिऱ्हाईक एका झटक्यात कमी झाले आणि नव्या मार्गावर ठरावीक जागी फूड मॉल उभे राहिले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शेजारच्या वाशिम आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जातो, पण प्रवेशनियंत्रित असल्यामुळे, म्हणजे ठरावीक फाट्यांखेरीज त्यावर चढता-उतरता येत नसल्यामुळे, वाटेतल्या गावाचे हॉटेल त्या प्रवाशाला दिसतही नाही. चौपदरी झालेला महामार्ग १६१ गावांना वळसे घालून पुढे जातो. वेळ वाचतो, अपघाताचा धोका घटतो, हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. तरीही वळणरस्त्याच्या आखणीत स्थानिक खानावळींसाठी फाट्यावर जागा राखून ठेवणे अवघड नव्हते, आणि तसे धोरण नसणे ही उणीवच म्हटली पाहिजे.

साखरा, सेनगाव, नर्सी हा पट्टा या वळशांतून अजून बराचसा बचावला आहे. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी आजही रिसोड, सेनगाव, नर्सी, औंढा याच वाटेने जाते. वारीत अन्नदान असते, त्यामुळे वारकऱ्याला हॉटेलचे जेवण विकत घ्यावे लागत नाही, पण त्याच वाटेवर वर्षाचे उरलेले दिवस गावची हॉटेलेच वाटसरूला सांभाळतात. शिवाय येथे खरिपात सोयाबीनने ज्वारीला मागे सारले असल्याने, घरात रोजची भाकरी कमी होत चाललेल्या कुटुंबांनाही ती खानावळीतच ताटभर मिळते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्याच्या पिकाची अशी दखल घेतली जाते, तर त्याच जिल्ह्याच्या चुलींचीही घेतली जावी. स्थानिक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातील जुन्या हॉटेलांची, तेथे राबणाऱ्या माणसांची आणि पदार्थांची नोंद करण्याचे काम हाती घ्यावे, आणि औंढ्याला किंवा नर्सीला निघालेल्या वाचकाने जाताना ज्या खानावळीत भाकरी खाल्ली, तेथेच परतीच्या वाटेवरही गाडी थांबवावी.