घोट्याखाली काहीच नाही

आधी कवटी, मग मणके, बरगड्या, कमरेचं हाड. ब्रशने माती सारत गेलं की पुरलेला माणूस हळूहळू उघडा होतो. मांडीचं हाड आलं, गुडघ्याची वाटी आली, नडगी आली. आणि घोट्यापाशी सांगाडा संपला.

एखाद-दुसरा असता तर सोडून दिलं असतं. पण प्रौढांचे सांगाडे पुन्हा पुन्हा तसेच निघत राहिले.

चाकणहून कंटेनरांच्या मागे रखडत शिक्रापूर गाठलं, तिथून न्हावऱ्यावरून पुढे गेलं की घोड नदीकाठी इनामगाव लागतं. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या पथकाने १९६८ पासून दीडेक दशक इथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. मेलेली माणसं राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायची. लहान मुलं तर तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत.

मग पावलं गेली कुठे?

स्वतःचा घोटा चाचपून बघा. आतला उंचवटा म्हणजे नडगीचं खालचं टोक, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचं. त्याखाली एकेका पावलात २६ हाडं. दोन्हींची मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा! चाकणच्या कंपनीत सेफ्टी शूजची पोलादी टोपी सांभाळते ती यांतली फक्त पुढची बोटं. इतकी बारकी हाडं मातीत विरली असतील, कोल्ह्याने ओढून नेली असतील, असं आधी वाटणारच. पण टाचेचं हाड काही बारकं नाही, चांगला ठोकळा असतो तो. तोही नाही. शिवाय दर वेळी नेमकं घोट्यापाशीच थांबायला कोल्ह्याला काय पडलंय? पाऊल पुरण्याआधीच तोडलेलं होतं.

तोडायचं म्हणजे काय काय कापायचं! पोटरीचे स्नायू टाचेला बांधणारा तो जाड पट्टा, आतल्या घोट्यामागून तळव्यात उतरणारा मज्जातंतू, रक्तवाहिन्या. मातीत यांतलं काही टिकत नाही. उरतं ते हाड, आणि जिथे स्नायू ओढ घ्यायचे तिथले खडबडीत कंगोरे.

मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असा याचा अर्थ लावला गेला. प्रेतांची डोकी उत्तरेला, म्हणजे पाय यमाच्या दिशेला. लहानपणी मी दक्षिणेला पाय करून झोपलो की आजी झोपेतून उठवून उशी फिरवायची. इनामगावबद्दल वाचताना पहिल्यांदा तीच आठवली. घरातच ठेवायचं आणि चालूही द्यायचं नाही. माया आणि भीती एकाच खड्ड्यात.

हे कोडं इथे सुटलं म्हणावं, तर वस्तीच्या मधोमध, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, मातीचा मोठा रांजण निघाला. आत पाय दुमडून बसवलेला प्रौढ पुरुष. अभ्यासक म्हणतात, हा गावचा प्रमुख असावा. मला त्या घराला लागून असलेलं धान्याचं कोठार जास्त बोलकं वाटतं. गावाचं धान्य ज्याच्या हाताखाली, त्याच्या घोट्यावर घाव कोण घालणार?

त्याची दोन्ही पावलं जागच्या जागी होती. वर रांजणालाही चार पाय.