स्वीकारलेल्या देशातील पत्रकारिता : अमेरिकेतील दक्षिण आशियाई पत्रकारांची वाटचाल

प्रस्तावना :
स्थलांतरित व्यक्ती परदेशात डॉक्टर वा अभियंता म्हणून स्थिरावते, तेव्हा तिच्या कौशल्याची पारख होते. पत्रकार झाल्यास मात्र तिच्या निष्ठेचीही पारख होते. कारण पत्रकाराला त्या देशाच्या सत्तेलाच प्रश्न विचारावे लागतात. या दृष्टीने अमेरिकेतील दक्षिण आशियाई पत्रकारांच्या वाटचालीचे तीन टप्पे दिसतात.

१) निर्बंधांचा काळ :
१ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथून 'गदर' हे पत्र सुरू झाले. या चळवळीत महाराष्ट्राचे पांडुरंग खानखोजे सहभागी होते. पत्राचा वाचक भारतीय आणि विषय भारताचे स्वातंत्र्य हा होता. १९१२ मध्ये अमेरिकेत गेलेले गोबिंद बिहारी लाल पुढे तेथील वृत्तपत्रांत विज्ञानविषयक लेखन करू लागले. १९३७ मध्ये चार सहकाऱ्यांसह त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. तथापि, १९२३ च्या थिंड खटल्यातील निकालामुळे त्या वेळी भारतीयांना अमेरिकन नागरिकत्व मिळू शकत नव्हते. १९४६ च्या कायद्याने हा मार्ग खुला झाला. म्हणजेच लेखणीला मान्यता आधी मिळाली, लेखकाला नंतर.

२) समाजपत्रांचा काळ :
१९६५ च्या कायद्याने वंशमूलाधारित कोटापद्धती रद्द केली आणि सुशिक्षितांचे स्थलांतर वाढले. १९७० मध्ये गोपाळ राजू यांनी 'इंडिया अब्रॉड' सुरू केले. त्याची छापील आवृत्ती २०२० मध्ये बंद झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टोरोंटोहून 'एकता' हे मराठी नियतकालिक निघू लागले. या पत्रांनी मायदेशाशी नाते जपले. परंतु त्यांचा वाचक प्रामुख्याने आपल्याच समाजातील राहिला.

३) मुख्य प्रवाहाचा काळ :
१९९४ मध्ये न्यूयॉर्क येथे दक्षिण आशियाई पत्रकारांची संघटना स्थापन झाली. मुंबईत जन्मलेले फरीद झकेरिया २००० मध्ये 'न्यूजवीक'च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीचे संपादक झाले. मुंबईत वाढलेल्या गीता आनंद या 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या २००३ च्या पुलित्झरविजेत्या चमूत होत्या. त्या लेखमालेचा विषय भारत नव्हता, तर अमेरिकन कंपन्यांमधील गैरव्यवहार हा होता.

समारोप :
मायदेशाचा दुभाषी होणे ही स्थलांतरित पत्रकाराची पहिली भूमिका असते. स्वीकारलेल्या देशाचे दोष निर्भयपणे दाखवता येणे, ही त्याच्या समान नागरिकत्वाची खरी कसोटी होय. मराठी समाजाला हा अनुभव परका नाही. काशीतील मराठी कुटुंबात जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकर यांनी 'आज' या हिंदी दैनिकाच्या संपादनातून तेथील जनमत घडविले. बाहेरून आलेल्या लेखणीला महाराष्ट्रानेही हाच न्याय लावणे उचित ठरेल.