दिवे घाटात पद्मिनी आणि व्हर्टस

प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, फोक्सवॅगन व्हर्टस जीटी चाकणची. जुनी गाडी आणि आजची दमदार गाडी यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर हडपसरहून फुरसुंगीमार्गे दिवे घाट चढून सासवडला जाणं उत्तम.

आधी आकडे. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, ताकद 40 अश्वशक्तीच्या आसपास, वजन 900 किलोच्या घरात. व्हर्टस जीटी 1498 सीसी, जवळपास 150 अश्वशक्ती, वजन साडेबाराशे किलोच्या पुढे. ताकद पावणेचारपट दिसते. पण प्रत्येकीची ताकद तिच्या वजनाने भागली, की फरक साधारण पावणेतीनपटीवर येतो. पैजा लावणारे हा भागाकार नेमका विसरतात.

आता पद्मिनी सुरू करू. तिच्यात कार्बोरेटर असतो, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा भाग. इंजिन गार असताना हवा कमी करून मिश्रण दाट करावं लागतं. त्यासाठी चोक ओढायचा. इंजिन एका लयीत चालू लागलं, की तो आत ढकलायचा. तो ओढलेलाच राहिला तर प्लग काळे पडतात आणि गाडी हडपसरच्या गाडीतळाच्या गर्दीत बंद पडते. व्हर्टसमध्ये हे काम सेन्सर आणि संगणक करतात.

गर्दीत मात्र व्हर्टसलाही जपावं लागतं. तिच्या डीएसजी गिअरबॉक्समध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात. आपण इंच-इंच सरकत राहिलो, तर क्लच अर्धवट घासून तापतो. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग गाडी हलवा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

घाट सुरू झाला, की व्हर्टसचा टर्बो कामाला लागतो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा हा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्यामुळे कमी फेऱ्यांतही ओढ मिळते. पद्मिनीला फेऱ्या हव्यात. इंजिन दमेपर्यंत थांबू नका. वेळीच स्टिअरिंगखालचा दांडा हलवून खालचा गिअर घ्या.

उन्हाळ्यात पद्मिनी चढावर अचानक गचके देते. बहुधा गरम नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटलेला असतो. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा आणि थांबा. घाईने तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी अंगावर येतं.

चढताना व्हर्टस सहज जिंकते, त्यात नवल नाही. खरा फरक परतताना उतारावर कळतो. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम बंदिस्त, त्यामुळे उष्णता चटकन निघून जात नाही. पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर जळका वास येतो आणि पकड सुटत जाते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

व्हर्टसमध्ये एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी व्यवस्था. तरी लांब उतारावर तिचाही गिअर हाताने खाली घ्यावा. आणि पद्मिनीतून उतरून लगेच तिच्यात बसलात, तर पहिला ब्रेक हलकेच दाबा. जुन्या सवयीने पाय रेटलात, तर मागचा दुचाकीवाला डिकीवर येईल.