व्यायाम आणि मळमळ

भरल्या पोटी सूर्यनमस्कार घालू नयेत, असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यास शास्त्राचा आधार आहे. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे 25 टक्के भाग जठर, आतडी, यकृत आदी अवयवांकडे जातो. जोराच्या व्यायामात स्नायूंना अधिक रक्त लागते. तेव्हा हा वाटा 5 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. परिणामी पचन मंदावते, अन्न जठरात पडून राहते व मळमळू लागते. यास्तव जेवणानंतर 2 ते 3 तासांनी व्यायाम करावा व तो क्रमाक्रमाने वाढवावा.

मळमळणे हा दुबळेपणा नव्हे. ती शरीराने दिलेली सूचना होय. भर उन्हात खेळताना मळमळीबरोबर भोवळही आली, तर ते उष्माघाताचे पूर्वचिन्ह असू शकते. अशा वेळी सवंगडी हसतील या लाजेने खेळत राहू नये; तत्काळ सावलीत यावे व गुरुजींना सांगावे.