टेबलाच्या डोक्याशी बसलेला डॉक्टर

‘ऑपरेशन कोण करणार?’ हे प्रत्येक नातेवाईक विचारतो. ‘भूल कोण देणार?’ हे क्वचितच कुणी विचारतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठीच्या ‘व्हिपल’ शस्त्रक्रियेत हा दुसरा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे.

न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली, तेव्हा दोन टप्प्यांत. कारण या रुग्णांना बहुधा कावीळ असते; तीत पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त नीट गोठत नाही. ते जीवनसत्त्व औषध म्हणून हाती आल्यावर १९४० मध्ये व्हिपल यांनी ती एकाच बैठकीत केली.

स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग, ग्रहणी, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा हे सगळं काढून आतडं नव्याने तीन ठिकाणी जोडायचं. पाच-सहा तास सहज जातात.

तेवढा वेळ भूलतज्ज्ञाची नजर पडद्यावर असते. मनगटाच्या धमनीतली बारीक नळी प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब दाखवते. सलाइन जास्त झालं तर आतडं सुजतं, कमी पडलं तर मूत्रपिंडं कुरकुरतात. म्हणून लघवीच्या पिशवीकडेही लक्ष. रक्तातली साखर वारंवार तपासायची, अंगावर गरम हवेचं पांघरूण.

आणि पाठीत, मणक्यांमधून सरकवलेली एपिड्यूरलची केसासारखी नळी. तिच्यातून थेंब थेंब औषध जातं, वेदना आटोक्यात राहते. पोटावर एवढा मोठा छेद असूनही दुसऱ्या दिवशी रुग्ण खुर्चीत बसतो, खोल श्वास घेतो, उशी पोटाशी धरून खोकतो. तो खोकला फुप्फुसांत कफ साचू देत नाही.