कॅम्परव्हॅनला उघडते छत बसवावे का? काशीच्या वाटेवरचा एक व्यावहारिक प्रश्न

वाराणसीतील दशाश्वमेध आणि शीतला घाटाच्या दक्षिणेला अहिल्याबाई घाट आहे. इंदूरच्या महाराणी अहिल्याबाई होळकर यांचे नाव या घाटाला आहे. १७८० मध्ये काशी विश्वनाथ मंदिराची पुन्हा उभारणी त्यांनीच केली. महाराष्ट्रातून काशीला येणारा यात्रेकरू या पायऱ्यांवर काही क्षण तरी थांबतोच. पूर्वी हा यात्रेकरू पायी किंवा बैलगाडीने येत असे. पुढे तो रेल्वेने आणि बसने येऊ लागला. अलीकडच्या काळात स्वतःची व्हॅन घेऊन, वाटेत तिच्यातच मुक्काम करत येणाऱ्या कुटुंबांची त्यात भर पडली आहे.

अशा प्रवासाची तयारी करताना एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. साध्या व्हॅनमध्ये माणूस ताठ उभा राहू शकत नाही. मग तिचे छत कापून तेथे वर उचलता येणारे छत बसवावे का? युरोप आणि अमेरिकेत या सोयीला 'पॉप-टॉप' म्हणतात. तिची छायाचित्रे आकर्षक असतात आणि बदल करून देणारी गॅरेजेसही सापडतात. मात्र या निर्णयामागे केवळ हौस आणि खर्च एवढेच मुद्दे नाहीत. त्यात कायदा आहे, विमा आहे आणि गाडीत झोपणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्नही आहे.

उघडते छत म्हणजे काय?

या रचनेत गाडीच्या छताचा मोठा भाग कापून काढला जातो. त्या जागी फायबर किंवा ॲल्युमिनियमचे झाकण बिजागरीने जोडले जाते. झाकण आणि गाडी यांच्यामध्ये कॅनव्हासच्या जाड कापडी भिंती असतात. प्रवासात झाकण घट्ट बंद ठेवले जाते. मुक्कामाच्या ठिकाणी ते वर ढकलले, की दाबलेल्या वायूवर चालणारे दांडे त्याला आधार देतात. मोटारीची डिकी उघडताना असेच दांडे काम करतात.

याचे फायदे दोन आहेत. पहिला फायदा म्हणजे गाडीत उभे राहता येते. कपडे बदलणे, चहा करणे, आजारी किंवा वृद्ध माणसाला हात देणे ही कामे वाकून करावी लागत नाहीत. दुसरा फायदा म्हणजे वर फळी टाकून आणखी एक-दोघांच्या झोपण्याची सोय करता येते. शिवाय छत खाली असताना गाडीची उंची फारशी वाढत नाही. त्यामुळे कमी उंचीच्या वाहनतळात शिरणे सोपे जाते आणि वाऱ्याचा अडथळाही मर्यादित राहतो.

ही कल्पना युरोपात रुजली. जर्मनीत फोक्सवॅगनची व्हॅन १९५० मध्ये बाजारात आली. त्यानंतर वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून देण्यास प्रारंभ केला. इंग्लंडमध्ये डॉर्मोबिल या नावाच्या गाड्या उघडत्या छतासाठी प्रसिद्ध झाल्या. साठ आणि सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली या मार्गाने पाश्चात्त्य तरुणांचे तांडे भारतात येत असत. त्यांतील अनेकांचा मुक्काम वाराणसीत पडे आणि तेथून ते काठमांडूकडे जात. १९७९ मधील इराणची क्रांती आणि त्याच वर्षअखेरीस सोव्हिएत फौजांचा अफगाणिस्तानातील प्रवेश यांमुळे हा खुष्कीचा मार्ग बंद झाला. म्हणजेच काशीने कॅम्परव्हॅन पूर्वीच पाहिलेली आहे. मात्र त्या गाड्यांचा मेळ तेथील हवामानाशी आणि तेथील नियमांशी होता.

पत्रा कापण्याचा अर्थ

आधुनिक व्हॅनला ट्रकप्रमाणे संपूर्ण वेगळी आणि भक्कम चौकट असतेच असे नाही. अनेक गाड्यांमध्ये तळ, बाजू आणि छत यांचा पत्रा एकत्र जोडूनच गाडीचा सांगाडा तयार होतो. छताखालून आडव्या जाणाऱ्या पट्ट्या दोन्ही बाजूंना बांधून ठेवतात. खोक्याचे झाकण कापले, की त्याच्या भिंती दाबाने वाकू लागतात. छत कापलेल्या गाडीचेही तसेच होते. त्यामुळे कापलेल्या भागाभोवती पोलादी चौकट बसवून गेलेली ताकद भरून काढावी लागते. ही चौकट किती जाड असावी आणि ती कोठे जोडावी, हे अंदाजाने ठरवण्याचे काम नाही. गाडी उलटल्यास आतील माणसे वाचतील की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

दुसरा मुद्दा वजनाचा आहे. झाकण, दांडे, चौकट आणि वरची फळी यांचे वजन गाडीच्या माथ्यावर पडते. त्यावर सौरपट्ट्या बसवल्यास ते आणखी वाढते. वजन जितके वर, तितकी गाडी वळणावर अधिक झुकते. तेच वजन एकूण भारातूनही वजा होते. पाच माणसे, पाण्याची टाकी, बॅटरी आणि सामान यांचा हिशेब केल्यास लहान व्हॅनची क्षमता लवकर संपते.

तिसरा मुद्दा देखभालीचा आहे. रबरी पट्टी वाळली की पावसाचे पाणी आत येते. ओले कापड बंद करून ठेवल्यास त्याला बुरशी लागते. दांड्यांतील दाब काही वर्षांनी कमी होतो आणि मग छत वर टिकत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल, असा बदल वाहनमालकाने करू नये, असे हे कलम सांगते. या प्रमाणपत्रात, म्हणजे ज्याला आपण आरसी म्हणतो त्यात, बॉडीचा प्रकार, आसनक्षमता आणि रिकाम्या गाडीचे वजन यांची नोंद असते. छत कापून झोपण्याची सोय केल्यास यांतील एकापेक्षा अधिक नोंदी बदलतात.

केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल मान्य करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अधिनियमातील कलम १८२-अ बदलले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंधनाचा प्रकार बदलणे किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करणे यांना कायद्यात सशर्त वाट आहे. राहण्याच्या सोयीसाठी छत कापणे त्यात बसत नाही.

याचा अर्थ भारतात कॅम्परव्हॅनला मनाई आहे असा नाही. वाहन नोंदणीत खासगी वापराची कॅम्परव्हॅन आणि व्यावसायिक कॅम्परव्हॅन असे दोन्ही वर्ग आहेत. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे. मात्र या मार्गाने जाताना गाडीचा नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडून प्रमाणित व्हावा लागतो. अशा संस्थांपैकी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, तसेच अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना या तीन महाराष्ट्रातच आहेत. ही चाचणी गाडी बनवणाऱ्याने करून घ्यायची असते. एकाच गाडीच्या मालकाला ती परवडण्याजोगी नसते. थोडक्यात, प्रमाणित कॅरॅव्हॅन विकत घेणे हा एक मार्ग आहे आणि आपल्या जुन्या व्हॅनचे छत गॅरेजमध्ये कापून घेणे हा अगदी वेगळा मार्ग आहे.

विम्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. विमा मूळ गाडीचा उतरवलेला असतो. न कळवलेला आणि नोंदणीत नसलेला बदल अपघातानंतर उघडकीस आल्यास गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. परराज्यात, घरापासून शेकडो किलोमीटर दूर असताना ही गोष्ट समजली, तर कुटुंबावर काय प्रसंग ओढवेल याची कल्पना करता येते.

काशीची वाट आणि काशीची हवा

समजा, नागपूरचे एक कुटुंब वाराणसीला निघाले आहे. आई-वडील, दोन मुले आणि आजी असे पाच जण आहेत. जबलपूर आणि रीवा या मार्गाने हा प्रवास सुमारे साडेसातशे किलोमीटरचा होतो. वाराणसी ते कन्याकुमारी हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ याच वाटेने नागपूरला येत असे. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले, वाट मात्र तीच राहिली. एवढ्या प्रवासात एक किंवा दोन रात्री वाटेत काढाव्या लागतात.

या कुटुंबाला उघडत्या छताचा उपयोग कितपत होईल? आजी शिडीने वर चढू शकणार नाहीत. वरची जागा मुलांना मिळेल, पण ती केवळ गाडी उभी असताना. धावत्या गाडीत वर कोणालाही झोपवणे धोक्याचे आहे. मुक्काम पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा ढाब्यासमोर असेल, तर रात्रभर ट्रकांची ये-जा चालू राहते. कापडी भिंती ना आवाज अडवतात, ना उजेड. आत माणसे झोपली आहेत हेही बाहेरून सहज कळते.

हवामानाचा विचार केला, तर मे आणि जून महिन्यांत वाराणसीत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि गरम 'लू' वाहते. कापडाच्या भिंतींतून थंड केलेली हवा टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके आणि गारठा असतो. पावसाळ्यात गंगेचे पाणी घाटांच्या पायऱ्या चढून वर येते आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाणेही बंद होते. उघड्या छतासाठी सुखाचा म्हणावा असा काळ थोडाच उरतो. काशीतील माकडांचा उपद्रवही विसरून चालणार नाही. कापड फाडण्यास त्यांना वेळ लागत नाही.

मुख्य म्हणजे गाडी अहिल्याबाई घाटापर्यंत जातच नाही. गोदौलियापासून दशाश्वमेधकडे जाणारा भाग यात्रेकरूंच्या गर्दीचा आहे. घाटावर गल्ल्यांतून आणि पायऱ्यांवरून पायीच उतरावे लागते. गाडी दूरच्या वाहनतळावर उभी करून रिक्षाने आणि नंतर चालत जाण्यास पर्याय नाही. छत उघडून समोर गंगा पाहण्याचे चित्र डोळ्यांसमोर असेल, तर ते येथे प्रत्यक्षात येणार नाही.

हवा खेळती राहणे हा छताहून मोठा प्रश्न

उघडत्या छतामुळे वारा खेळतो, हे खरे. परंतु त्यावर विसंबून गाडीत शेगडी पेटवणे किंवा जनरेटर लावून झोपणे धोक्याचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले होते. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याचे तपासात समोर आले. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. त्यामुळे छत कोणतेही असो, स्वयंपाक गाडीबाहेर करणे, इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून न झोपणे आणि वायूची सूचना देणारे यंत्र बसवणे, या गोष्टी आधी आवश्यक आहेत.

पर्याय कोणते?

उभे राहता येणे हीच गरज असेल, तर कारखान्यातूनच उंच छतासह येणारी व्हॅन घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर किंवा टाटा मोटर्सची विंगर यांसारख्या गाड्यांमध्ये उंच छताचे नमुने उपलब्ध आहेत. त्यांचा सांगाडा त्या उंचीसाठीच आखलेला असतो. छत स्थिर असल्याने त्यात उष्णतारोधक थर बसवता येतो आणि पाणी गळण्याची शक्यता कमी असते. गाडी उंच असल्याने इंधन थोडे अधिक लागते आणि काही वाहनतळांत ती शिरत नाही, ही त्याची किंमत आहे.

वर्षातून एक-दोनदाच प्रवास होणार असेल, तर प्रमाणित कॅरॅव्हॅन भाड्याने घेणे सोयीचे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात कॅरॅव्हॅन आणि त्यांच्या मुक्कामाचे तळ या दोन्हींचा विचार आहे. भाड्याच्या गाडीत चार रात्री काढल्या, की आपल्याला खरोखर काय हवे आहे ते आपोआप कळते. तिसरा पर्याय म्हणजे व्हॅनला हात न लावता मागच्या दाराशी उभारता येणारा सुटा तंबू वापरणे. त्यात उभे राहता येते, गाडीचा पत्रा शाबूत राहतो आणि आरसीतील एकही नोंद बदलत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी

छत बदलण्याचा विचार करणाऱ्याने गॅरेजवाल्याला किंमत विचारण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. या बदलाला अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे काय? आरटीओ त्याची नोंद आरसीवर करून देईल काय? विमा कंपनी तो बदल लेखी मान्य करील काय? आणि वर्षातील किती रात्री आपण खरोखर गाडीत झोपणार आहोत? पहिल्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असल्यास छत कापू नये. तोंडी आश्वासनावर विसंबून राहू नये. तिन्हींची उत्तरे 'होय' असली आणि थंड हवेच्या, शांत व परवानगी असलेल्या तळांवर नेहमी मुक्काम होणार असेल, तरच उघडत्या छताचा खर्च सार्थकी लागतो.

अहिल्याबाईंनी घाट आणि मंदिरे उभारली, तशाच देशभरातील यात्रामार्गांवर धर्मशाळा आणि विहिरीही बांधल्या. यात्रेकरूने छप्पर सोबत वाहून नेण्यापेक्षा ते त्याला वाटेवरच मिळावे, हा त्यामागचा विचार होता. वाराणसीत आजही धर्मशाळा आहेत आणि आजींना तेथे जमिनीवर पाय टेकवून निवांत झोप मिळू शकते. गाडी वाहनतळावर उभी राहावी, तिचे छत मूळचेच असावे आणि पहाटे कुटुंबाने पायी घाटाकडे निघावे. काशीयात्रेसाठी एवढी व्यवस्था पुरेशी आहे.