बीभत्सातून भयानक : झपाटलेल्या वास्तूच्या कादंबरीचे आकर्षण

रक्तपाताने भरलेली भयकथा ही हीन अभिरुचीची करमणूक होय, असे मानून समीक्षा तिच्याकडे बहुधा पाठ फिरवते. परंतु जे प्रत्यक्षात पाहवणार नाही तेच वाचक कथेत उत्सुकतेने का वाचतो, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली आहे. या जन्यजनकसंबंधाचा प्रत्यय रिचर्ड मॅथेसन या अमेरिकन लेखकाच्या 'हेल हाउस' (१९७१) या कादंबरीत येतो.

मरणोत्तर अस्तित्वाचा निर्णय लावण्यासाठी चार माणसे मेन राज्यातील बेलास्कोच्या वाड्यात येतात : पदार्थविज्ञानाचे अभ्यासक बॅरेट, त्यांची पत्नी ईडिथ आणि फ्लॉरेन्स टॅनर व बेंजामिन फिशर ही दोन माध्यमे. प्रकरणांच्या आरंभी तारीख व वेळ दिलेली असते. त्यामुळे अद्भुत घटनेलाही नोंदवहीतील नोंदीचे रूप येते.

शर्ली जॅक्सन यांच्या 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) या कादंबरीत भय संशयावर पोसले जाते. वास्तू झपाटलेली की एलिनॉरचे मन, याचा निर्णय अखेरपर्यंत लागत नाही. मॅथेसन ही पळवाट बंद करतो. फ्लॉरेन्सच्या अंगावर दातांचे व्रण उमटतात, बॅरेट रक्तबंबाळ होतात. जखम दिसते, म्हणून 'हा केवळ भास' असे म्हणण्याची सोय उरत नाही. मात्र जखम एक आणि उपपत्ती दोन. फ्लॉरेन्सच्या मते हे मृतात्म्याचे कृत्य. बॅरेट यांच्या मते तिच्याच नेणिवेतील शक्तीचा उद्रेक. घाव निर्विवाद, पण कर्ता अज्ञात : जुगुप्सेचे भयात रूपांतर होते ते याच ठिकाणी. शरीरावरील खूण येथे पुराव्याचे कार्य करते आणि वाचक नकळत पंचाच्या आसनावर बसतो.

या पुराव्याचे मोल मोठे आहे. बॅरेट व फ्लॉरेन्स दोघेही प्राणांस मुकतात आणि दोघांचेही म्हणणे अंशतः खरे होते, हे वाचलेल्या फिशरला उमगते. अखेरीस त्या अफाट दहशतीमागे आपल्या खुजेपणाची लाज बाळगणारा एक माणूस निघतो. भयाला आकार लाभताच ते ओसरते.

तात्पर्य, अशा कादंबरीचे आकर्षण रक्तात नसून रक्ताने उभ्या केलेल्या प्रश्नात असते. ज्या जखमेतून कोणताच प्रश्न निघत नाही, ती केवळ किळस उत्पन्न करते. अशा कथांतील बीभत्साचे मूल्यमापन करताना हाच भेद निकष म्हणून उपयोगी पडेल.